धर्माचा रकाना

अमुक मुलखात इतके लोक हा देव मानतात आणि इतके तो, असं कुणी छापील कागद पुढे धरून सांगायला लागलं की माझं डोकं तडकतं. घरचे म्हणतात, अहो, तो बिचारा नुसता वाचतोय, तुम्ही त्याच्या अंगावर का धावता? वाचू दे की. पण तसला एक आकडा मी माझ्या हाताने, माझ्या टाकाने तयार केलेला आहे. तो कसा तयार झाला ते मला माहीत आहे, आणि त्यापायी एका बाईचं काय झालं तेही माहीत आहे. तेव्हा आकड्यांचं कौतुक मला सांगू नये.

इंग्रजी अमदानीतली गोष्ट. नवापूरच्या पुढे गुजरातच्या शिवेला डोंगर लागतात, तिथल्या एका गावात मी लोकल बोर्डाच्या शाळेवर मास्तर होतो. मी मूळचा तापीकाठच्या काळ्या जमिनीतला. घरात बायकोशी अहिराणी बोलायची, शाळेत पुस्तकी मराठी शिकवायची, आणि गावात त्यांची बोली ऐकायची. ती तीन वर्षांत मला निम्मीशिम्मी कळायला लागली होती. गाव तरी कसलं, या टेकडीवर चार घरं, त्या टेकडीवर सहा. कुडाच्या भिंती, वर कौलं, आणि एका घरून दुसऱ्या घरी जायचं तर एक ओढा उतरून चढायचा. शाळेसमोर मात्र एक घर हाकेच्या अंतरावर होतं. त्यात एक विधवा बाई एकटीच राहायची.

तिचा नवरा तापाने गेला होता. ओढ्याकाठचं त्याचं शेत ती कसत होती, लहानसं पण ओलाव्याचं. दीर पलीकडच्या टेकडीवर राहायचा आणि त्या शेतावर त्याचा डोळा होता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. बाईला एकच मुलगी, चौदा-पंधरा वर्षांची. ती नवापूरला मिशनच्या बोर्डिंगात शिकत होती. शिकण्याची फार हौस होती म्हणून तिथे ठेवली होती, असं नव्हे. दिराने तिच्यासाठी एक माणूस पाहून ठेवला होता, केस पिकलेला, घरात आधीच दोन बायका असलेला. मुलगी गावात राहायला आली की लग्न लागलंच म्हणून समजा. बोर्डिंगच्या भिंतीआड होती म्हणून ती सुटली होती. बाईचा सगळा जीव त्या भिंतीत गुंतलेला.

आता ही बाई कोणत्या धर्माची? इथेच सगळी गोम आहे. शेतातलं पहिलं कणीस ती याहामोगीच्या नावाने बाजूला काढायची. याहामोगी म्हणजे देवमोगरा गावची देवी, धान्याची आई, त्या डोंगरात तिच्याहून मोठं कुणी नाही. आणि मुलगी सुट्टीत यायची तेव्हा तिने शिकवलेली येसूची प्रार्थनाही बाई म्हणायची, डोळे गच्च मिटून. माझी धाकटी तापाने फणफणली होती तेव्हा बाई मूठभर तांदूळ घेऊन आली, मोगीचं नाव घेऊन तिच्या उशाखाली ठेवले आणि लगेच हात जोडून येसूला साकडं घातलं. चौथ्या दिवशी पोरगी उठून खेळायला लागली. मी चेष्टेत विचारलं, "काय गं, दोघांपैकी कुणाचा गुण आला?"

"पोरगी हसते ना?" ती म्हणाली. "मग मी आता कुणाकुणाला विचारत फिरू?"

तिथले लोक सगळ्यांना अरेतुरेच करतात, मामलेदारालाही. पहिल्या वर्षी मला ते झोंबायचं. पुढे त्यातली माया कळली.

त्या वर्षी खानेसुमारी, म्हणजे सरकारी शिरगणती, आली. मास्तर मंडळींना गणक नेमलं. बिनपगारी, आणि नाही म्हणायची सोय नाही. नवापुरास आम्हाला बोलावून कचेरीतल्या अव्वल कारकुनांनी धडे दिले. घराला गेरूने नंबर कसा टाकायचा, वय कसं काढायचं, टाक कोणता वापरायचा. धर्माच्या रकान्याशी आले तेव्हा म्हणाले, "माणूस सांगेल तो लिहायचा. आपलं शहाणपण चालवायचं नाही. खोटी नोंद केलीत तर दंड होईल आणि नोकरीही जाईल. खाडाखोड नको. आणि रकाना कोरा चालणार नाही."

मी विचारलं, "एखादा दोन सांगू लागला तर?"

"मास्तर, रकाना केवढा आहे? बोटाएवढा. त्यात दोन मावतील का?" सगळे हसले. मीही हसलो. काय अक्कल होती तेव्हा!

गावात बातमी माझ्याआधी पोचली होती. दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी बाई ओट्याशी येऊन उभी राहिली. एरवी बडबडी, त्या दिवशी पदराचं टोक चावत होती. मिशनचा उपदेशक तिला बाजारात भेटला होता. त्याने कुठूनसं ऐकलेलं तिला सांगितलं की खानेसुमारीचा कागद वर गेला म्हणजे बोर्डिंगात यादी येणार, ज्यांच्या आया येसूच्या नाहीत त्या मुलींना घरी न्यावं लागणार. आणि इकडे दिराने गावच्या कारभाऱ्याच्या ओसरीवर बसून जाहीर केलं होतं की जो येसूवाला लिहिला जाईल त्याची मूठ घ्यायची नाही.

मूठ म्हणजे काय ते सांगायला हवं. पेरणीआधी प्रत्येक घरातून मूठभर बियाणं गावदेवापुढे आणतात. सगळ्यांचं एका सुपात मिसळतात आणि पुन्हा सगळ्यांना वाटून देतात. ते आपल्या बियाण्यात घालायचं, मग पेरायचं. ज्याची मूठ घेतली नाही त्याच्या शेतात कुणी बैल घालत नाही, कुणी निंदायला जात नाही. त्याला मारत नाहीत, शिव्या देत नाहीत. नुसतं त्याचं शेत गावातून उठतं.

"येसू लिहिलंस तर शेत जातं," बाई म्हणाली. "नाही लिहिलंस तर पोरगी जाते. मी काय सांगू? तू सांग."

मी म्हणालो, "बघू." दुसरं काय म्हणणार?

आता माझी पहिली चूक. हुकूम होता घरोघर जाण्याचा. पण ओढे चढून-उतरून माझे गुडघे दुखत होते, ऊन तापायला लागलं होतं, आणि गणतीबुक तर ठरलेल्या दिवसांत भरायचं होतं. मी कारभाऱ्याला निरोप दिला की सगळ्यांना तुझ्या अंगणात बोलाव. कारभारी म्हणजे गावाचा म्होरक्या, पिकल्या मिशांचा, सज्जन माणूस. त्याने मोहाच्या झाडाखाली खाट टाकली आणि अख्खं गाव गोळा केलं. मला वाटलं, वा, एका दिवसात काम फत्ते. एकाने दिलेलं उत्तर बाकीचे पन्नास कान ऐकत असतील, हा विचार माझ्या मनाला शिवला नाही.

पहिला कारभारीच. नाव झालं, वय अंदाजाने झालं. मी विचारलं, "धर्म कोणता?" त्याला प्रश्नच कळेना. मग विचारलं, "देव कोणता?" तर त्याने बोटांवर मोजायला सुरुवात केली. याहामोगी, वाघदेव, शिवेवरचा देव, पाण्याचा, डोंगराचा, पूर्वजांचा. मी म्हटलं, "अरे बाबा, एक सांग." तो विचारात पडला. मग त्याने मलाच विचारलं, "तू कोण?"

"मी हिंदू."

"मग तेच लिही," तो प्रसन्न होऊन म्हणाला. "पाहुणा जे खातो तेच आम्ही शिजवतो."

त्या गावात बैठकीत वडीलधारा बोलला की पुढचा त्याच्यावर बोलत नाही. उर्मटपणा समजतात. त्यामुळे पुढचा प्रत्येक जण खाटेजवळ यायचा आणि म्हणायचा, त्याचं लिहिलंस तेच. माझ्यासाठी केलेला पाहुणचार मी बुकात भरभर उतरवत होतो आणि खूश होतो. सोपं पडत होतं ना!

ऊन कलायच्या सुमारास बाईची पाळी आली. ती उभी राहिली आणि अंगणातल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. दीर माझ्या खाटेपासून दोन हातांवर उकिडवा बसला होता. मी नाव लिहिलं, वय लिहिलं. मग तो रकाना. विचारलं. पुन्हा विचारलं. माझ्या पोटात कावळे ओरडत होते, कपाळावर घाम, आणि तिच्या मागे अजून बारा-पंधरा माणसं. मी खेकसलो, "बोल ना लवकर! कोरं चालत नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. अजून ते डोळे आठवले की मला बसवत नाही. म्हणाली, "तूच लिही, गुरुजी. तुला ठाऊक आहे."

मला ठाऊक होतं, तेच तर! मला दोन ठाऊक होते आणि जागा एकाची होती. तेवढ्यात मला वाटलं की मी मोठा हुशार आहे. मी टाक बुडवला आणि लिहिलं, ख्रिस्ती. दीर मान लांब करून बघत होता, पण त्याला अक्षरओळख नव्हती. "काय लिहिलंस, वाच," तो म्हणाला. मी खणखणीत आवाजात वाचलं, "हिंदू." अंगण सैल झालं. बाईचा चेहरा पडला. तिला वाटलं, पोरगी गेली.

दुसऱ्या दिवशी मी तिला शाळेमागे बोलावून खरं सांगितलं. कागदावर एक आहे, गावाच्या कानात दुसरं आहे, शेतही राहील आणि पोरगीही. ती आधी समजलीच नाही. समजली तेव्हा तिने माझ्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले आणि रडली. मी फुगून घरी आलो.

हा फुगा चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी कचेरीचा कागद आला. प्रत्येक गावातल्या काही नोंदी अव्वल कारकून जागेवर येऊन, त्या-त्या माणसासमोर मोठ्याने वाचून पडताळणार होते.

जेवण जाईना. बुक काढून तो रकाना दिवसातून दहा वेळा बघायचो. खोडू? खाडाखोड दिसली तर विचारणार, का खोडलंत? न खोडू, तर ते वाचणार. पान फाडू? पानांना छापील नंबर. बायकोला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "आपला हातवरी लिखी टाकं ना? मंग आते का बरं घाबरी ऱ्हायनात?" घाबरणार नाही तर काय! दोन लेकरं, बोर्डाचा पगार, गावी भाऊबंदकीत तुकडा तुकडा झालेली जमीन. खोटी नोंद सिद्ध झाली तर आम्ही रस्त्यावर.

मी ठरवलं की या कारकूनसाहेबांना आधीच नवापुरात गाठायचं आणि पडताळणी शाळेत करा म्हणून विनवायचं. पहाटे चालत निघालो. बारा मैल. कचेरीत पोचलो तर शिपाई म्हणाला, साहेब कालच दौऱ्यावर निघाले, खालच्या वाटेने, आज तुमच्याच गावात. मी उलटपावली धावत सुटलो. वाटेत दोनदा बसकण मारली. गावात पोचलो तर मोहाच्या झाडाखाली तीच खाट, तीच माणसं, आणि माझ्या खणातलं बुक बायकोकडून मागवून घेऊन साहेब वाचत बसलेले.

"या मास्तर! कुठे भटकत होतात?"

"साहेब, शाळेत चला, चहा ठेवलाय," मी धापा टाकत म्हणालो.

"चहा मग. थोडंच राहिलंय."

त्यांचा आवाज चांगला होता, कीर्तनकारासारखा. ते एकेक नोंद वाचत होते आणि ज्याची नोंद तो माणूस हात वर करत होता. मी झाडाच्या खोडाला टेकलो होतो. पळून जावंसं वाटत होतं. आता साहेबांचं बोट खाली सरकलं. त्यांनी बाईचं नाव वाचलं, वय वाचलं, विधवा म्हणून वाचलं, आणि म्हणाले, "ख्रिस्ती."

दीर सावकाश उठून उभा राहिला. "त्या दिवशी गुरुजीने दुसरं वाचलं," तो म्हणाला.

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "काय हो मास्तर? हे बाईने सांगितलं, की तुम्ही मनाने लिहिलंत?"

खरं एका वाक्याचं होतं. साहेब, मी मनाने लिहिलं. तेवढं म्हटलं असतं तर बाईचं शेत वाचलं असतं आणि माझी भाकरी गेली असती. मी म्हटलं नाही. इतक्या वर्षांनी कुणाला खोटं सांगू? ते वाक्य नाहीच म्हटलं मी.

बाई पुढे आली. "मी सांगितलं होतं त्याला," ती म्हणाली. "गुपचूप सांगितलं होतं. मी येसूची. त्याने वाचताना माझी लाज राखली."

"बघा, असं असतं," साहेब समाधानाने म्हणाले, आणि रकान्यापुढे बारीकशी बरोबरची खूण केली. पडताळणी झाली. नोंद खरी ठरली.

पेरणीचे दिवस आले. शाळेशेजारच्या गावदेवापुढे सूप मांडलं होतं. बायका रांगेने येऊन मूठ टाकत होत्या. बाईही आली, पदराखाली मूठ झाकून. तिची पाळी आली तेव्हा कारभाऱ्याने सूप उचलून मांडीवर घेतलं. रागाने नव्हे. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. बाई मूठ तशीच पुढे धरून उभी होती. मी शाळेच्या ओट्यावरून बघत होतो. बोलायचं असेल तर आता बोल, असं माझं मन मला ओरडून सांगत होतं. मी शाळेत शिरलो आणि पोरांना पाढे म्हणायला लावले, मोठ्याने.

पावसाळाभर शेत पडीक राहिलं. दिवाळीच्या आत दिराने त्यात नांगर घातला. बाई दोन मडकी आणि एक घोंगडी घेऊन नवापुरास गेली, बोर्डिंगात भांडी घासायला. पुढे एकदा कामानिमित्त मी ते बोर्डिंग चालवणाऱ्या बाईंना भेटलो. धीर करून विचारलं, खानेसुमारीची यादी तुमच्याकडे आली होती का? त्या गोंधळल्या. कसली यादी? आम्ही कुणाच्या आईचा धर्म विचारून मुली ठेवत नाही, इथे निम्म्या मुलींच्या घरी त्यांचे जुनेच देव आहेत. मी नमस्कार करून बाहेर आलो आणि रस्त्याच्या कडेला कितीतरी वेळ बसून राहिलो. उपदेशकाने ऐकीव सांगितलं, तिने खरं मानलं, आणि मी त्यावर शहाणपण केलं.

त्या गावाचा गोषवारा मीच काढून दिला होता. एका रांगेत सगळं गाव, हिंदू. ते सगळे माझ्या पाहुणचारापायी. दुसऱ्या रांगेत ख्रिस्ती, बायका, एक. कुठल्याशा जाड पुस्तकात हे दोन्ही आकडे मिसळून बसले असतील, आणि कुणी विद्वान त्यावर मान डोलवत असेल.

पुढच्या शिवरात्रीला मी नवापूरच्या बाजारातून परतत होतो. देवमोगऱ्याच्या यात्रेला निघालेली माणसं वाटेने चालली होती, डोक्यावर नव्या बांबूच्या टोपल्या, टोपल्यांत मोगीला वाहायचं धान्य. त्यांत ती दिसली. माझ्या बुकातली गावातली एकुलती एक ख्रिस्ती, डोक्यावर मोगीची टोपली घेऊन, अनवाणी. शेजारी मुलगी, आता चांगली उंच झालेली. मला तोंड चुकवायचं होतं, पण तिने हाक मारली. माझ्या धाकटीची चौकशी केली. ताप पुन्हा आला का, विचारलं. शेताचं नाव काढलं नाही.

निघताना मात्र थांबली. "गुरुजी, ते लिहिलेलं पुसता येत नाही ना?"

"नाही."

"परत कधी विचारायला येणार?"

"दर दहा वर्षांनी येतात."

तिने टोपली सावरली. मनातल्या मनात काही हिशेब केला असावा, मुलीच्या वयाचा की स्वतःच्या, मला कळलं नाही. "म्हणजे दहा वर्षं मी तीच," ती म्हणाली.

मी हो म्हणालो.